गतिरोधक, मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे

धावत्या गाडीची गतिज ऊर्जा काढून घेऊन ती थांबविणाऱ्या यंत्रणेस गतिरोधक (ब्रेक) म्हणतात. वांद्रे, खार, सांताक्रुझ अशी एकदोन किमी. अंतरावरील स्थानके घेणाऱ्या उपनगरी गाडीस दर काही मिनिटांनी थांबावे लागते. त्यामुळे तिच्या गतिरोधकांची झीज लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा पुष्कळच जास्त होते.

इतिहास : पश्चिम किनाऱ्यालगतच्या मार्गावर १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे ही पहिली उपनगरी गाडी वांद्र्यावरून धावली. त्या काळी चालकाने शिटी दिली की, गार्ड हाताने चक्र फिरवून गतिरोधक आवळीत असे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये दाबित हवेचा गतिरोधक शोधला. परंतु नळी फुटल्यास तो निकामी होई. १८७२ च्या सुधारित रचनेत नळीतील दाब घटताच गतिरोधक आपोआप लागू लागले. हा भेद किती मोलाचा आहे, हे आयर्लंडमधील आर्मा येथील १८८९ च्या अपघाताने दाखविले. गाडीपासून सोडविलेले डबे उतारावरून मागे घसरून सु. ८० माणसे दगावली. त्यानंतर ब्रिटनमध्ये स्वयंचलित गतिरोधक सक्तीचे झाले. कुलाबा ते बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण जानेवारी १९२८ मध्ये झाले.

रचना : विद्युत् उपनगरी गाड्यांत विद्युत् संकेताने सर्व डब्यांतील झडपा एकाच वेळी उघडतात. संकेत बंद पडल्यास स्वयंचलित यंत्रणा उपयोगी पडते. मोटरमनचा हात मुठीवरून सुटला, तरीही गतिरोधक लागतात. २००७ पासून आलेल्या गाड्यांत मोटारीच जनित्राचे काम करून वीज तारेत परत पाठवितात. परिणामी ठोकळ्यांची झीज घटते.

दोष व देखभाल : लागलेला गतिरोधक न सुटल्यास ठोकळा चाकाला घासत राहतो, चाक तापते, जळका वास वा धूर येतो. पावसाळ्यात ओल्या रुळांवर चाक अडकून घसरल्यास त्याचा घेर एका जागी सपाट होतो व डब्याखाली ठराविक अंतराने ठोके ऐकू येतात. मुंबईच्या दमट हवेतील बाष्प टाक्यांत साठून झडपा गंजतात. म्हणून टाक्यांतील पाणी नियमितपणे काढावे लागते. झिजलेले ठोकळे बदलणे, चाक व ठोकळा यांतील अंतर जुळविणे आणि हवेची गळती शोधणे ही कामे कारशेडमध्ये होतात. संपूर्ण दुरुस्ती महालक्ष्मी येथील कार्यशाळेत करतात. गाडी सुटण्यापूर्वी शेवटच्या डब्यापर्यंत दाब पोहोचतो की नाही, याची चाचणी घेणे आवश्यक असते. कारण एक झडप बंद राहिली, तरी तिच्या मागील सर्व डबे गतिरोधकाविना राहू शकतात.