न आलेल्या गाडीची वाट

ईडन प्रेरीला राहायला आलो त्याच्या पहिल्याच शनिवारी सायकल बाहेर काढली. अपार्टमेंटमागच्या झाडीत शिरणारी एक वाट दिसली, तिच्या तोंडाशी पाटी: 'मिनेसोटा रिव्हर ब्लफ्स एलआरटी रीजनल ट्रेल'. एलआरटी म्हणजे लाइट रेल ट्रान्झिट, हलकी शहरी रेल्वे. म्हटलं, वा! घराशेजारीच स्टेशन दिसतंय, म्हणजे मोटार घ्यायचा खर्च वाचला. आठ-दहा किलोमीटर रेटत गेलो. स्टेशन नाही, रूळ नाहीत, फक्त चुनखडीच्या बारीक कचेची सपाट वाट, दोन्हीकडे झाडे आणि मधूनच एखादे कुत्रे फिरवणारे आजोबा. सोमवारी ऑफिसात विचारले तर सहकारी हसून म्हणाला, "अरे, ती गाडी अजून यायची आहे!"

मोटार अर्थातच घ्यावी लागली. पण सायकल सुटली नाही, आणि पाटीवरच्या त्या तीन अक्षरांचे कोडेही डोक्यातून गेले नाही.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या उपनगरात सायकल चालवणे हे धाडसाचे काम आहे. रस्ते रुंद, मोटारी अवाढव्य, आणि सायकलवाला दिसला की चालकाला तो परग्रहावरून आल्यासारखा वाटतो. मी पीएच.डी. केली डेल्फ्टला, हॉलंडमध्ये. तिथे कालव्याच्या काठाने मैलोन् मैल सायकल हाकायची, एकही मोटार आडवी येत नसे. त्या काठांचे गुपित मला तिथल्या प्रयोगशाळेतल्या एका म्हाताऱ्या तंत्रज्ञाने सांगितले होते. सतराव्या शतकात शहराशहरांत नावांची नियमित वाहतूक होती आणि नावा ओढायचे घोडे. घोडे चालायचे ती काठावरची वाट. घोडे गेले, पुढे अशा कित्येक वाटा सायकलींना मिळाल्या.

तेव्हापासून माझा एक घरगुती सिद्धांत आहे. सायकलची प्रत्येक चांगली सपाट वाट ही चढ न झेपणाऱ्या कुणाची तरी मागे राहिलेली मालमत्ता असते. नाव चढ चढत नाही. आगगाडीही फारशी चढत नाही. शंभर मीटरला एक मीटर चढ म्हणजे इंजिनाला बऱ्यापैकी काम, दोन मीटर म्हणजे घाम. मोटाररस्त्याला सहा-सात मीटरचे काही वाटत नाही. ईडन प्रेरी काही हॉलंडसारखे सपाट नाही. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाच्या प्रचंड नदीने इथली दरी कोरली, त्या दरीत आजची मिनेसोटा नदी चिमुकली वाटते, आणि गाव वसले आहे वरच्या कड्यावर. तरीही ही वाट कड्याच्या अंगाने इतकी हळूच खाली उतरते की उतार पायांना कळतो, डोळ्यांना दिसत नाही. तो हिशेब रेल्वेच्या सर्वेअरने १८७० च्या सुमारास करून ठेवलेला आहे.

ती रेल्वे म्हणजे 'मिनिआपोलिस अँड सेंट लुइस'. मिनिआपोलिसच्या पिठाच्या गिरणीमालकांनी ती उभी केली. आपले पीठ शिकागोवाल्या रेल्वे कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून राहू नये म्हणून. १८७१ मध्ये रूळ ईडन प्रेरीवरून नदीपर्यंत पोचले. जवळजवळ नव्वद वर्षे ही कंपनी कशीबशी तगली, आणि १९६० साली ज्यांना टाळायचे होते त्यांच्यापैकीच एका कंपनीने, 'शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न'ने, ती गिळली. पुढे ट्रक आले, हायवे आले, मालगाड्या कमी होत होत थांबल्या.

इथपर्यंतची कथा अमेरिकेत हजारो ठिकाणी घडली. १९१६ साली या देशात सुमारे चार लाख किलोमीटर लोहमार्ग होते, तो कळस. नंतर उतरणच. मार्ग बंद झाला की पट्टी तुकड्यातुकड्याने विकली जाई. कुणी शेतात मिळवी, कुणी गोदाम बांधी. आणि रेल्वेची पट्टी ही अशी चीज आहे की शंभर किलोमीटरमधले दोनशे मीटर गेले तरी सगळी गेली. पुन्हा जोडायची म्हणजे कोट्यवधी डॉलर आणि शेकडो मालकांशी कज्जे.

हे तुकडे होणे थांबवले ते काही सरकारने आपणहून नव्हे. १९५४ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या जुन्या चेसापीक-ओहायो कालव्यावर मोटाररस्ता करावा, असा अग्रलेख 'वॉशिंग्टन पोस्ट'ने लिहिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिले: माझ्याबरोबर कालव्याची सगळी वाट चाला, मग बोला. चक्क बसलेले न्यायमूर्ती! मार्चमध्ये सदतीस जण निघाले, सुमारे तीनशे किलोमीटरचा पल्ला, आठ दिवस. शेवटपर्यंत पोचले नऊ. संपादकांचे मत बदलले आणि १९७१ साली कालवा राष्ट्रीय उद्यान झाला. आज नावा ओढणाऱ्या खेचरांच्या वाटेवरून सायकली जातात. शिकागोजवळ मे वॅट्स या निसर्गअभ्यासक बाईंनी १९६३ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ला पत्र लिहून बंद पडलेल्या विजेच्या रेल्वेची पट्टी पायवाटेसाठी मागितली. आणि विस्कॉन्सिन राज्याने १९६५ साली एल्रॉय ते स्पार्टा ही बावन्न किलोमीटरची पट्टी, तीन बोगद्यांसकट, बारा हजार डॉलरला विकत घेतली. आजच्या हिशेबानेसुद्धा हा फुकटात पडलेला सौदा आहे.

खरी चलाखी मात्र १९८३ च्या कायद्यातली. तो म्हणतो, मार्ग बंद झाला तरी तो 'सोडून दिला' असे समजायचे नाही. पट्टी बँकेत ठेव म्हणून ठेवल्यासारखी अखंड ठेवायची, तोवर लोकांनी तिच्यावर चालावे, सायकली हाकाव्यात; उद्या रेल्वे परत आली तर जागा तिची. म्हणजे सायकलवाला हा मालक नव्हे, पोटभाडेकरू. मला हा कायदा वाचताना आपल्याकडचा एखादा चतुर वकील काका आठवला.

पण यात कुणाचे तरी नुकसानही आहे, आणि सायकलवाले ते सांगायला विसरतात. पुष्कळ ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नव्हतीच, फक्त वहिवाटीचा हक्क होता. गाडी बंद झाली की जमीन मूळ मालकाच्या नातवाला परत मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, उलट अंगणातून अनोळखी माणसे जाऊ लागली! व्हरमाँटमधले एक जोडपे याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९० मध्ये कायदा वैध ठरला, पण भरपाई मागण्याचा हक्क शाबूत राहिला आणि १९९६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती देय असल्याचे मान्य केले. मला वाटते, हाच न्याय. वाट सगळ्यांची, तर तिची किंमतही सगळ्यांनी द्यावी, एकट्या शेतकऱ्याने नव्हे.

आमच्या इथली पट्टी हेनेपिन काउंटीच्या रेल्वे प्राधिकरणाने १९९० च्या सुमारास विकत घेतली. पुढेमागे लाइट रेल आणू, तोवर सायकली. म्हणून पाटीवर ती तीन अक्षरे. वाटेचे नाव म्हणजे एक वचनचिठ्ठीच.

आणि गंमत पाहा. लाइट रेल खरोखरच मंजूर झाली. मिनिआपोलिसहून ईडन प्रेरीपर्यंत साडेचौदा मैल. पण २०१० मध्ये जो मार्ग निवडला त्याने ईडन प्रेरीत ही जुनी पट्टी सोडली आणि ऑफिसांच्या, मॉलच्या बाजूने वळण घेतले. कारण सरळ आहे: १८७१ च्या रुळांकाठी आता लोकांची परसदारे आहेत, नोकऱ्या दुसरीकडे. आमची वाट वाचली. पलीकडे सेंट लुइस पार्क आणि मिनिआपोलिसमध्ये मात्र गाडी जुन्या पट्टीतच परतली, आणि २०१९ पासून तिथल्या सायकलवाल्यांना काही वर्षे वाट बंद! केवढी ओरड झाली. पण करार तोच होता, पोटभाडेकरूचा. बांधकामाचा खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला, वर्षे लांबली, आता २०२७ ची तारीख सांगतात.

गेल्या दिवाळीत हे सगळे फोनवर मामाला सांगत होतो. माझे आजोळ अंजनगाव सुर्जी. मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतलेने लहानपणी आम्ही उन्हाळ्यात आजोळी जायचो. तिथली कथा फार वेगळी नाही. इथे पीठ, तिथे कापूस. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जावा म्हणून इंग्रज कंपनीने घातलेले अडीच फुटी रूळ. आता गाडी बंद आहे, रुळांवर गवत. मी उत्साहाने म्हणालो, "मामा, ती पट्टी अखंड आहे तोवर तिच्यावर अशी सायकलची वाट..."

"काऊन रे बाप्पा," मामा म्हणाला, "सायकल तर मी जन्मभर चालवली. आम्हाले गाडी पायजे. दर्यापुरातून पोरगं कॉलेजला जाईन, म्हातारी दवाखान्यात जाईन. तुमच्याकडं मोटारी हायेत म्हणून वाट गोड लागते."

मी गप्प बसलो. मग म्हणालो की सायकलची वाट ही गाडीऐवजी नको, गाडी येईपर्यंत जागा राखायला हवी. रूळ चोरीला गेले, पट्टीवर टपऱ्या झाल्या, की ब्रॉडगेजच्या वेळी भूसंपादनाचे नवे भांडण. मामा थोडा वेळ विचार करत होता.

"म्हंजे राखण," तो म्हणाला. "पिकाले बसते तशी."

"हो, तशीच."

"आन् राखण करणाऱ्यानंच शेत बळकावलं तं?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. सेंट लुइस पार्कची ओरड आठवली आणि मी विषय बदलला.