अल्झायमरवरील औषधे : मात्रा, पॅच आणि प्रवासातील खबरदारी

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाच्या स्मृतिदिनी, १४ जानेवारीला, महाराष्ट्रातून अनेकजण हरियाणातील काला अंब येथे अभिवादनासाठी जातात. त्यांत ज्येष्ठ नागरिकही असतात. सोबतच्या एखाद्या वयोवृद्धाला अल्झायमर असेल, तर अशा प्रवासात घरचा क्रम मोडतो, गोळ्यांच्या वेळा चुकतात आणि रुग्ण स्वतः ते सांगू शकत नाही.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराचे वर्णन केले. स्मृतिभ्रंशाचे हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. देशात प्रामुख्याने वापरली जाणारी डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन ही औषधे आजार बरा करीत नाहीत. काही काळ लक्षणे सौम्य ठेवतात. म्हणूनच अपेक्षित परिणाम दिसत नाही म्हणून कुटुंबाने स्वतःहून मात्रा वाढवणे धोक्याचे ठरते.

डोनेपेझिल सहसा ५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि चार ते सहा आठवड्यांनी १० मिलिग्रॅमपर्यंत नेले जाते. मळमळ, जुलाब, भूक मंदावणे हे नेहमीचे त्रास; पण नाडी संथ होणे, चक्कर येऊन पडणे हे गंभीर. हृदयविकाराच्या रुग्णाची ही माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी लागते. रात्री वाईट स्वप्ने पडत असल्यास गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. मेमँटिनची मात्रा दर आठवड्याला टप्प्याटप्प्याने वाढते. मूत्रपिंड गंभीर प्रमाणात कमजोर असल्यास ती कमी ठेवतात.

सर्वाधिक घोटाळा रिव्हास्टिग्मिनच्या पॅचबाबत होतो. नवा पॅच लावण्यापूर्वी जुना काढलाच पाहिजे. एकाच वेळी अंगावर दोन-तीन पॅच राहिल्याने अतिमात्रा होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. रोज जागा बदलावी आणि त्याच जागी किमान १४ दिवस पुन्हा लावू नये. पॅचवर तारीख लिहिण्याची साधी सवय येथे फार उपयोगी पडते, विशेषतः घरात काळजी घेणारी माणसे आळीपाळीने बदलत असतील तेव्हा. औषध तीन दिवसांहून अधिक काळ बंद राहिले, तर पूर्वीची मोठी मात्रा एकदम सुरू करू नये. डॉक्टर ती पुन्हा सर्वांत कमी मात्रेपासून सुरू करतात. लांबच्या प्रवासात पुरेसे पॅच सोबत ठेवण्याचे कारण हेच.

दुसरा धोका औषधांच्या नावांत आहे. एकच घटक बाजारात अनेक नावांनी मिळतो. डोनेपेझिल व मेमँटिन एकत्र असलेल्या गोळ्याही आहेत. परगावी दुसऱ्या नावाची गोळी घेतल्यास तेच औषध दुप्पट पोटात जाऊ शकते. त्यामुळे चिठ्ठीवर मूळ घटकाचे नाव व मिलिग्रॅम लिहून घ्यावे. थंडीत सर्दीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या, क्लोरफेनिरामिनसारखे घटक असलेल्या गोळ्या डोनेपेझिलच्या उलट काम करतात आणि गोंधळ वाढवतात. लघवी रोखणाऱ्या काही औषधांचेही असेच.

रुग्ण रात्री अस्वस्थ झाला की झोपेच्या किंवा मनोविकारावरील गोळ्यांची मागणी होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच वृद्ध स्मृतिभ्रंश रुग्णांमध्ये मनोविकारावरील काही औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढत असल्याचा इशारा दिला होता. अस्वस्थतेमागे अनेकदा वेदना, लघवीचा संसर्ग किंवा अनोळखी जागा असते, हे आधी तपासले जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन सुरू असल्याचे सांगावे, कारण स्नायू शिथिल करणाऱ्या काही औषधांचा परिणाम त्यामुळे लांबतो. औषध बंद करायचे झाल्यास तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच केले जाते. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे.