इंट्रानेटचे मूल्यमापन

इंट्रानेटचे मूल्यमापन : संस्थेच्या कर्मचाऱ्यांपुरत्या चालणाऱ्या अंतर्गत संकेतस्थळाची निगा कशी राखली जाते आणि रोजच्या कामात त्याचा कितपत उपयोग होतो, याची पद्धतशीर तपासणी. परिपत्रके, रजेचे अर्ज, पगारपत्रके, दूरध्वनी-यादी, कार्यपद्धतीच्या पुस्तिका, प्रशिक्षणाचे साहित्य आणि घरच्या बातम्या हे सगळे जिथे एकत्र ठेवतात, ते इंट्रानेट. तंत्र वेबचेच, पण बाहेरच्यांना दार बंद. १९९०च्या दशकाच्या मध्यावर हे नाव रूढ झाले.

वेबचा जन्मच मुळी एका संस्थेच्या घरगुती अडचणीतून झाला. जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत माणसे साधारण दोन वर्षे काम करून निघून जात आणि त्यांना ठाऊक असलेले बरेचसे त्यांच्याबरोबरच जाई. ही गळती थांबवण्यासाठी टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९मध्ये वरिष्ठांना एक प्रस्ताव दिला आणि त्यातून वेब उभे राहिले. सर्नमधल्या अनेकांना मात्र ते प्रथम उपयोगी पडले ते दूरध्वनी-यादीसाठी. ही यादी मध्यवर्ती संगणकावर होती आणि एक नंबर पाहायलाही तिथे वेगळे लॉगिन करावे लागे. वेबवर ती बसल्या जागी दिसू लागली. माणूस अंतर्गत संकेतस्थळाकडे वळतो तो असे एखादे अडलेले काम घेऊन, आणि ते झाले की पुन्हा येतो. म्हणून मूल्यमापनात पहिला प्रश्न हाच विचारायचा : आलेल्याचे काम झाले का, आणि त्याला मिळालेले उत्तर बरोबर होते का?

प्रत्यक्षात बहुतेक अहवाल भेटींच्या आकड्यांनी सुरू होतात. महिन्याला इतक्या भेटी, इतकी पाने पाहिली, अमुक बातमी सर्वाधिक वाचली गेली. हे आकडे सर्व्हरच्या नोंदींतून फुकट मिळतात, म्हणून ते पुढे येतात. त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. अनेक कार्यालयांत संगणक सुरू केला की ब्राउझर आपोआप इंट्रानेटचे मुखपृष्ठ उघडतो, आणि ही प्रत्येक उघडझाप ‘भेट’ म्हणून मोजली जाते. दुसरे असे की, एका पानावर खूप वेळ गेला याचा अर्थ मजकूर मन लावून वाचला असा होईल किंवा हवे ते सापडेना असाही होईल. नोंदींवरून ते कळत नाही. भेटींचा आकडाच विभागाचे उद्दिष्ट ठरला, तर तो वाढवण्याचे मार्ग निघतात : एका पानावर मावणारी माहिती पाच पानांवर पसरते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल मांडलेले निरीक्षण इथेही लागू पडते. मोजमापाचेच उद्दिष्ट केले की ते मोजमाप भरवशाचे राहत नाही.

याहून खात्रीची पद्धत कार्यचाचणीची. कर्मचाऱ्यांना खरोखर पडणाऱ्या कामांपैकी दहा-बारा निवडायची : दौऱ्याच्या प्रवास भत्त्याचा आजचा दर शोधा, अर्जित रजेचा अर्ज उघडा, लॅपटॉप हरवला तर कोणाला कळवायचे ते सांगा, नाशिकच्या शाखेतल्या भांडारपालाचा अंतर्गत क्रमांक काढा. कर्मचाऱ्याने आपल्याच टेबलावर, आपल्याच लॉगिनने हे करावे आणि तपासणाऱ्याने शेजारी बसून मदत न करता पाहावे. किती जणांना उत्तर मिळाले, किती वेळ लागला, पहिली क्लिक कुठे पडली, याची नोंद होते. चौथी नोंद अनेकदा राहून जाते : मिळालेले उत्तर चालू होते की कालबाह्य? दोन वर्षांपूर्वीचा भत्त्याचा दर तीस सेकंदांत सापडला, तर चाचणीच्या तक्त्यात ते यश दिसते आणि देयक मात्र लेखा शाखेतून परत येते. अशा चाचणीला पाच माणसे पुरतात, असे जेकब निल्सन यांनी २०००मध्ये मांडले आणि ते सर्वत्र पसरले. लॉरा फॉकनर यांनी २००३मध्ये ६० जणांच्या चाचणीतून पाच-पाच जणांचे गट काढून पाहिले, तेव्हा काही गटांना जवळजवळ सगळे दोष सापडले होते, तर एका गटाला जेमतेम ५५ टक्के. पाच जणांवर सुरुवात करावी, पण आस्थापना, लेखा, भांडार आणि क्षेत्रीय कर्मचारी अशा प्रत्येक गटातले पाच घ्यावेत.

शोधपेटीच्या नोंदी हा मूल्यमापनाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित साठा आहे. कर्मचाऱ्याने स्वतःच्या शब्दांत काय मागितले, ते तिथे जसेच्या तसे उरते. ज्या शोधांना शून्य उत्तरे मिळाली त्यांची यादी दर महिन्याला काढली, तरी इंट्रानेटचे निम्मे दुखणे कळते. कर्मचारी ‘सीएल’ किंवा ‘किरकोळ रजा’ शोधतो, परिपत्रकात असते ‘नैमित्तिक रजा’. तो ‘पीएफ’ म्हणतो, मजकुरात ‘भविष्य निर्वाह निधी’. तो ‘ग्रॅच्युइटी’ लिहितो, पुस्तिकेत ‘उपदान’ छापलेले असते. हे जोडशब्द शोधयंत्राला शिकवणे अवघड नाही, पण यादी कोणीतरी वाचायला हवी.

मराठीतून चालणाऱ्या कार्यालयांत याच्या खाली आणखी एक थर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचे असंख्य दस्तऐवज श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टंकलेले आहेत. पडद्यावर त्यातली अक्षरे देवनागरी दिसतात, पण संगणकाच्या लेखी तो भलत्याच अक्षरांचा गोळा असतो, त्यामुळे शोधात ते कधीच येत नाहीत. सही-शिक्क्यानिशी स्कॅन करून चढवलेली पीडीएफ म्हणजे तर नुसते छायाचित्र. युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘कर्मचाऱ्यांची’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधयंत्राने ते एकरूप करून घेतले नसतील तर एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याला सापडत नाही. हा शब्द नसलेले आस्थापना-परिपत्रक विरळाच. म्हणून मराठी इंट्रानेटच्या तपासणीत युनिकोड दस्तऐवजांचे प्रमाण, स्कॅन केलेल्या पानांमागे वाचता येणारा मजकूर आहे की नाही आणि ‘ऱ्या’ची चाचणी या तीन बाबी वेगळ्या नोंदवायला हव्यात. परदेशी नमुन्यांवरून उचललेल्या तपासणी-याद्यांत त्या नसतात.

व्यवस्थापनाची तपासणी मजकुराच्या मोजदादीने सुरू होते. प्रत्येक पानाला एक जबाबदार माणूस आहे का, आणि तो अजून त्या पदावर आहे का? शेवटचा बदल केव्हा झाला? पुढची फेरतपासणी कोणत्या तारखेला? नवे परिपत्रक आधीचे अधिक्रमित करते, तेव्हा जुन्यावर तशी खूण केली जाते का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जुने परिपत्रक काढून टाकता येत नाही, कारण जुन्या प्रकरणांत त्याचाच आधार लागतो. पण खूण नसेल, तर शोधणाऱ्याच्या हाती दोन्ही सारख्याच अधिकाराने पडतात. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांवर संगणक सांकेतांक छापण्याची पद्धत आहे. एका दस्तऐवजाला एकच कायमची ओळख हे तत्त्व कोणत्याही संस्थेने घ्यावे असे आहे. मालक नसलेल्या पानांचे प्रमाण हा व्यवस्थापनाचा एकच निर्देशांक निवडायचा झाला तर निवडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पान लिहिणारा बदलून जातो, पान तसेच राहते आणि त्यावरचे चूक उत्तर कोणाचेच नसते.

राखीव प्रतींची पाहणीही याच भागात येते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत कागदपत्रांचे मोठे नुकसान झाले आणि नस्त्या संगणकावर आणण्याची निकड सर्वांना पटली. संगणकावर आणलेल्या मजकुराचीही राखीव प्रत लागते, पण ती आहे एवढ्यावर थांबू नये. तिच्यावरून संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहिले होते का, आणि केव्हा, हे विचारावे.

वापराचे प्रमाण काढताना भाजक चुकतो. वापरणाऱ्यांची संख्या भागिले लॉगिन असलेल्यांची संख्या, असे गणित केले जाते. ज्यांना टेबल नाही, ते त्यात धरलेलेच नसतात : आगारातले चालक-वाहक, रुग्णालयातल्या परिचारिका, कारखान्यात पाळीने येणारे कामगार, मीटर वाचणारे. खरा भाजक पगारपटावरची संपूर्ण संख्या आहे. या लोकांपर्यंत सूचना पोचतात त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून. साहेब परिपत्रकाचा फोटो टाकतात, तो पुढे जातो आणि कर्मचाऱ्याला तोच अखेरचा शब्द वाटतो. गटावर कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते सहभागींना सांगून महिनाभर टिपावे. इंट्रानेटवर उत्तर असूनही गटावर विचारला गेलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे इंट्रानेटच्या कामातली एक उणीव.

पाहणीसाठी तयार प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. जॉन ब्रूक यांनी १९८६मध्ये तयार केलेल्या वापरसुलभता-मापिकेत दहा विधाने असतात, एक बाजूचे आणि एक विरोधी अशा क्रमाने. गुणांची बेरीज अडीचने गुणून ० ते १०० अंक येतो. निरनिराळ्या प्रणालींचा सरासरी अंक ६८च्या आसपास येतो, त्यामुळे ६० गुण म्हणजे पहिला वर्ग असे समजू नये. विल्यम डीलोन आणि एफ्राइम मॅक्लीन यांच्या १९९२च्या, २००३मध्ये सुधारलेल्या प्रतिमानात प्रणालीचा दर्जा, माहितीचा दर्जा, सेवेचा दर्जा, वापर, समाधान आणि निव्वळ लाभ यांची सांगड घातली आहे. आराखडा म्हणून ते उपयोगी आहे. मात्र रजेचा अर्ज इंट्रानेटवरच भरायची सक्ती असेल, तर तिथला वापर हा पसंतीचा पुरावा ठरत नाही.

पैशांतल्या हिशेबाबद्दल सावध असावे. हजार कर्मचाऱ्यांची रोज पाच मिनिटे वाचली, तर २५० दिवसांत १२,५०,००० मिनिटे, म्हणजे सुमारे २०,८३३ तास होतात, आणि त्याला पगाराच्या दराने गुणले की मोठी रक्कम दिसते. पण पाच-पाच मिनिटांच्या या तुकड्यांतून कोणाचे पद कमी होत नाही किंवा नवे काम उभे राहत नाही. त्याऐवजी मदतकक्षाला येणारे फोन, चुकीच्या नमुन्यामुळे परत गेलेले अर्ज, दुरुस्तीसाठी फिरलेली देयके यांची आधीची आणि नंतरची संख्या मांडावी. ती पडताळून पाहता येते.

या तपासणीत कोणी काय शोधले, हे नावानिशी कळू शकते. आजारपणाची रजा, तक्रार निवारण, राजीनाम्याचे नियम अशी पाने कोण उघडतो, ही माहिती नाजूक आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीशी निगडित काही कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. तरी तिचा आधार घेऊन व्यक्तिवार याद्या काढू नयेत. नोंदी गटवार एकत्र कराव्यात, लहान गट दाखवूच नयेत आणि तपासणी सुरू होण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना काय मोजणार ते लेखी कळवावे.

तपासणी वर्षातून एकदा, त्याच कामांच्या यादीवर करावी, म्हणजे तुलना होते. अहवाल कर्मचाऱ्यांना वाचता येईल असा इंट्रानेटवरच ठेवावा आणि त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व फेरतपासणीची तारीख घालावी.