किंडलवरचं पान मोबाइलवर का येत नाही?

रात्री किंडलवर वाचलेलं पुस्तक सकाळी पुणे मेट्रोत मोबाइलवर तिथूनच पुढे वाचायचंय? मग फाइल यूएसबीने टाकू नका, ती अकाउंटला जोडलीच जात नाही. मी ईपब 'सेंड टू किंडल'ने पाठवतो. दोन्हीकडे एकच अकाउंट, व्हिस्परसिंक आणि किंडलचं वायफाय चालू हवं, बस्स. ईमेलने पाठवणार असाल तर आपला ईमेल पत्ता आधी अकाउंटच्या मंजूर यादीत टाका. पीडीएफ टाळाच, अक्षरांचा आकार बदलत नाही, झूम करून पान सरकवत बसावं लागतं.

आपल्या पुण्याच्या बुकगंगाची ई-बुकं मात्र त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात आणि किंडलवर वेगळं अ‍ॅप टाकता येत नाही. जास्त खरेदी तिथूनच होत असेल, तर प्ले स्टोअर असलेला अँड्रॉइड ई-रीडर बघा.