तेवीस दिवस बंद दवाखाने : सॅस्कॅचेवान, जुलै १९६२

१/ १ जुलै १९६२, रविवार. कॅनडाचा राष्ट्रीय दिन. गव्हाच्या शेतांनी व्यापलेल्या सॅस्कॅचेवान प्रांतात त्या सकाळी बहुसंख्य डॉक्टरांच्या दवाखान्यांना कुलपे लागलेली होती. प्रत्येक रहिवाशाला वैद्यकीय विमा देणारा कायदा त्याच दिवशी अमलात आला होता. ज्यांच्या हातून उपचार व्हायचे, त्यांनीच दारे लावून घेतली होती. #थ्रेड

२/ जेमतेम सव्वानऊ लाख वस्तीचा हा प्रांत. डॉक्टरांच्या सेवेचा सर्व नागरिकांना लागू होणारा सरकारी विमा उत्तर अमेरिकेत प्रथम येथे अवतरला. त्यावरून घराघरांत, चर्चमध्ये आणि बाजारपेठेत उभी फूट पडली. हा संघर्ष कसा पेटला आणि कसा मिटला, यातच कॅनडाच्या आजच्या आरोग्यव्यवस्थेचे मर्म दडले आहे.

३/ मूळ प्रश्न अंतराचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी या गवताळ मैदानांत शेतकरी मैलोन् मैल विखुरलेले होते. एवढ्या विरळ वस्तीत डॉक्टर टिकत नसे. १९१५ च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेने निघून जाऊ पाहणाऱ्या डॉक्टरला करातून वर्षाला १,५०० डॉलर देऊ केले आणि त्याला थांबवले. पुढे प्रांतिक कायद्यानेही या प्रथेला मान्यता दिली.

४/ यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, करातून वेतन घेणारा डॉक्टर ही कल्पना येथे कोणत्याही जाहीरनाम्यातून आली नव्हती. समाजवादी पक्ष जन्माला येण्याच्या कितीतरी आधी ती शेतकऱ्यांनी आपल्या अडचणीतून शोधून काढली होती.

५/ मग १९३० चे दशक आले. जागतिक मंदीने गव्हाचे भाव कोसळले आणि दुष्काळाने शेतांची धूळ केली. रुग्णांकडे पैसे नव्हते, त्यामुळे डॉक्टरांची बिलेही बुडू लागली. त्या काळाची आठवण ताजी असताना, १९४३ मध्ये, खुद्द कॅनेडियन मेडिकल असोसिएशनने आरोग्य विम्याच्या तत्त्वाला पाठिंबा दिला होता. वीस वर्षांनी हे कोणाला आठवावेसे वाटले नाही.

६/ याच काळात वेबर्न गावच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये एक तरुण धर्मोपदेशक काम करत होता : टॉमी डग्लस. जन्म १९०४, स्कॉटलंडमधील फॉलकर्क. बालपणी हाडाच्या संसर्गाने त्याचा पाय कापण्याची वेळ आली होती. विनिपेगमधील एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देण्याच्या अटीवर विनामूल्य उपचार केले आणि पाय वाचला.

७/ डग्लस पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगत राहिले. त्यांच्या दृष्टीने त्यात कृतज्ञतेइतकीच अस्वस्थताही होती. एका गरीब मुलाचा पाय वाचावा की जावा, हे एखाद्या भल्या डॉक्टरच्या योगायोगाने झालेल्या भेटीवर का अवलंबून असावे?

८/ १९४४ मध्ये डग्लस यांच्या सीसीएफ पक्षाने, म्हणजे को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशनने, ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री झालेल्या डग्लस यांनी आरोग्य खाते स्वतःकडे ठेवले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकशास्त्राचे ख्यातनाम इतिहासकार हेन्री सिगेरिस्ट यांना प्रांताची पाहणी करण्यासाठी पाचारण करण्यात आले. एका इतिहासकाराच्या अहवालातून आरोग्यधोरण आकाराला यावे, हे दुर्मीळच!

९/ १ जानेवारी १९४७ पासून रुग्णालयांचा विमा सुरू झाला. हप्ता माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबासाठी कमाल ३० डॉलर. मात्र त्यात डॉक्टरांचे शुल्क धरलेले नव्हते. तेवढा पैसाच प्रांताकडे नव्हता. १९५७ मध्ये केंद्र सरकारने रुग्णालयीन विम्याचा सुमारे अर्धा भार उचलण्याचा कायदा केला, तेव्हा प्रांताच्या तिजोरीत पुढच्या पावलापुरती जागा झाली.

१०/ डिसेंबर १९५९ मध्ये डग्लस यांनी रेडिओवरून योजना मांडली. तत्त्वे पाच : आगाऊ हप्ता, सर्वांना संरक्षण, सेवेचा उच्च दर्जा, विधिमंडळाला उत्तरदायी अशा सार्वजनिक संस्थेचा कारभार, आणि सेवा देणारे व घेणारे अशा दोघांनाही मान्य होईल असे स्वरूप. शेवटच्या तत्त्वावरच पुढे सारे गाडे अडले.

११/ डॉक्टरांचे म्हणणे काय होते? गरिबांना उपचार मिळू नयेत, असे त्यांनी कधीही म्हटले नाही. त्यांच्याच पुढाकाराने चालणाऱ्या ऐच्छिक विमा संस्थांकडे मोठा वर्ग आधीच नोंदलेला होता. ज्यांना हप्ता परवडत नाही, त्यांचा हप्ता सरकारने भरावा. बाकीच्यांवर सक्ती कशाला, असा त्यांचा सवाल होता.

१२/ त्यामागे एक खोल भीतीही होती. पैसा देणारा एकच, आणि तोही सरकार, असे झाले की आज शुल्क ठरेल, उद्या उपचार ठरतील आणि परवा डॉक्टर सरकारी नोकर होईल! ब्रिटनमधील सरकारी आरोग्यसेवेला कंटाळून सॅस्कॅचेवानला आलेले काही डॉक्टर या विरोधात अग्रभागी होते. त्यांच्या दृष्टीने ही भीती अनुभवातून आलेली होती.

१३/ सरकारचे उत्तर विम्याच्या गणितात होते. ऐच्छिक विम्यात धडधाकट माणसे बाहेर राहू शकतात. वृद्ध आणि जुनाट आजाराचे रुग्ण विमा संस्थांना नकोसे होतात. धोका सर्वांत वाटायचा असेल, तर सर्वजण आत हवेत. शिवाय मदत मिळवण्यासाठी माणसाला आपली गरिबी सिद्ध करावी लागणे, हे डग्लस यांना अपमानास्पद वाटत होते.

१४/ जून १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. डॉक्टरांच्या संघटनेने सदस्यांकडून १०० डॉलरची वर्गणी घेऊन प्रचाराची आघाडी उघडली. डॉक्टर प्रांत सोडून जातील आणि त्यांच्या जागी परदेशातून हलक्या दर्जाचे लोक आणले जातील, असे सांगण्यात आले. तरीही सीसीएफ जिंकला. मते मात्र सुमारे ४१ टक्के. सरकारला हा जनादेश वाटला. विरोधकांनी उरलेल्या ५९ टक्क्यांकडे बोट दाखवले.

१५/ नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा संमत झाला. त्याच महिन्यात डग्लस नव्या एनडीपी पक्षाचे राष्ट्रीय नेतृत्व करण्यासाठी प्रांत सोडून गेले. वादळ अंगावर घेण्याची पाळी वुड्रो लॉइड यांच्यावर आली. मूळचे शिक्षक, मितभाषी, सभा गाजवण्याची कला नसलेले. योजनेचा प्रारंभ एप्रिलवरून जुलैवर ढकलून त्यांनी वाटाघाटींना वेळ दिला, पण कोंडी फुटली नाही.

१६/ ३ मे १९६२ रोजी रेजायना येथे शेकडो डॉक्टर जमले. लॉइड यांनी स्वतः तेथे जाऊन भाषण केले. त्यानंतर, या कायद्याखाली काम करण्यास कोणाची तयारी नाही, असे विचारण्यात आले, तेव्हा जवळजवळ सारे सभागृह उभे राहिले. १८ जूनच्या राष्ट्रीय निवडणुकीत खुद्द डग्लस रेजायनातून पराभूत झाले. वारे कोणत्या दिशेने वाहत आहे, हे स्पष्ट दिसत होते.

१७/ आणि १ जुलै उजाडला. सुमारे नव्वद टक्के डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले. निवडक रुग्णालयांत तातडीच्या सेवेसाठी डॉक्टरांच्या तुकड्या होत्या. पण खेड्यातील रुग्णाला तेथवर पोहोचण्यासाठी लांबचे अंतर कापावे लागणार होते. अंतराचा तोच जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

१८/ पहिल्याच दिवशी अशर्व्हिल गावचे एक दांपत्य नऊ महिन्यांच्या आजारी बाळाला घेऊन डॉक्टरच्या शोधात मोटारीने निघाले. योर्कटनच्या रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच बाळाने प्राण सोडला. निदान मेंदूज्वराचे. वेळेत उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण त्या बातमीने साऱ्या प्रांताच्या काळजाचा ठोका चुकला.

१९/ 'आमचे डॉक्टर राहू द्या' अशी हाक देत ठिकठिकाणी समित्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांची सुरुवात आपल्या डॉक्टरवर विश्वास टाकून असलेल्या मातांनी केली होती. पुढे व्यापारी आणि विरोधी राजकारणी त्यात शिरले. ॲथॉल मरे या कॅथलिक धर्मगुरूंनी तर जाहीरपणे रक्तपाताची भाषा केली. विरोधी लिबरल पक्षाचे नेते रॉस थॅचर यांनी विधानसभेच्या बंद दारावर लाथ मारली आणि ते छायाचित्र देशभर झळकले.

२०/ ११ जुलै रोजी या समित्यांनी विधानभवनापुढे महामेळावा बोलावला. हजारोंच्या, तेही दहा-दहा हजारांच्या गर्दीची भाकिते होती. आले जेमतेम चार-पाच हजार. आंदोलनाची हवा तेथून ओसरू लागली.

२१/ दुसऱ्या बाजूनेही माणसे कामाला लागली होती. प्रिन्स अल्बर्ट येथे ऑर्व्हिल यर्टास, तर सॅस्कटूनमध्ये जोन विट्नी-मूर आणि मार्गारेट महूड या डॉक्टरांनी सहकारी तत्त्वावरील सामुदायिक दवाखाने सुरू केले. नागरिकांनी वर्गणी काढून जागा आणि साहित्य उभे केले. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणवले. संपकरी डॉक्टरांच्या लेखी हे सारे फितूर होते. त्यांच्यातील कटुता कित्येक वर्षे टिकली.

२२/ कोंडी फोडली ती बाहेरच्या माणसाने. लॉर्ड स्टीफन टेलर : ब्रिटिश मजूर पक्षाचे सदस्य, स्वतः डॉक्टर, ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या जडणघडणीत सहभागी. सरकारच्या निमंत्रणावरून आलेले टेलर एकमेकांसमोर बसायला तयार नसलेल्या दोन्ही पक्षांत निरोपांची ने-आण करत राहिले. मानधन म्हणून त्यांनी मासेमारीची एक सहल मागितली, असे सांगितले जाते. २३ जुलै रोजी सॅस्कटून करारावर सह्या झाल्या.

२३/ हा करार नीट वाचण्याजोगा आहे. सक्ती टिकली : विमा सर्वांना, आणि हप्ता कायद्याने. पण डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. प्रत्येक तपासणीमागे शुल्क घेण्याची पद्धत कायम राहिली. योजनेबाहेर राहून व्यवसाय करण्याची मुभा मिळाली. डॉक्टरांच्या जुन्या विमा संस्था बिले पुढे पाठवणाऱ्या टपाल कचेरीसारख्या शिल्लक राहिल्या. सरकारने पैसा देण्याचा अधिकार मिळवला. काम कसे करायचे, हा अधिकार डॉक्टरांनी राखला.

२४/ १९६४ मध्ये थॅचर सत्तेवर आले. ज्यांनी दारावर लाथ मारली होती, त्यांनाही ही योजना मोडता आली नाही. ती दोन वर्षांत लोकांच्या अंगवळणी पडली होती. १९६८ मध्ये त्यांनी प्रत्येक तपासणीमागे दीड डॉलरचे शुल्क लावून पाहिले. त्याची झळ गरिबांना आणि वृद्धांना अधिक बसली. १९७१ मध्ये सत्ताबदल होताच ते रद्द झाले.

२५/ दरम्यान देशपातळीवर न्यायमूर्ती एमेट हॉल यांचा आयोग काम करत होता. सॅस्कॅचेवानच्या धर्तीची योजना अन्यत्र पसरू नये, या आशेने असा आयोग नेमण्याची मागणी डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेनेच केली होती. हॉल पुराणमतवादी विचारांचे. पण १९६४ च्या अहवालात त्यांनी नेमकी सार्वत्रिक योजनेचीच शिफारस केली. १९६६ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात सामील झाले.

२६/ त्या जुलैमधील तडजोडही देशभर गेली. म्हणूनच आजही कॅनडातील बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नाहीत. ते खासगी व्यावसायिक असून बिल सरकारला पाठवतात. विम्याची आखणी रुग्णालय आणि डॉक्टर यांच्याभोवती झाल्याने बाहेरून घ्यायची औषधे आणि दातांचे उपचार दशकानुदशके बहुतांशी त्याबाहेर राहिले. व्यवस्थेचे बळ आणि तिच्या उणिवा एकाच करारात रुजल्या आहेत.

२७/ वादही संपलेला नाही. १९८४ च्या कायद्याने रुग्णाकडून वरचे शुल्क घेण्याला आळा घातल्यावर, १९८६ मध्ये ओंटारिओतील डॉक्टर २५ दिवस संपावर गेले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्युबेकमधील खासगी विम्यावरील बंदी अवैध ठरवली. तेव्हा मुद्दा लांबलेल्या प्रतीक्षायादीचा होता. विमा सर्वांना मिळाला तरी डॉक्टर वेळेवर भेटेलच, याची हमी १९६२ च्या कायद्यात नव्हती आणि करारातही नव्हती.

२८/ २००४ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात कॅनडाच्या जनतेने टॉमी डग्लस यांची 'सर्वश्रेष्ठ कॅनेडियन' म्हणून निवड केली. ते तेवीस दिवस ज्यांनी सोसले, ते वुड्रो लॉइड १९६४ ची निवडणूक हरले आणि १९७२ मध्ये दूर सोलमध्ये निवर्तले. स्वप्न मांडणारा इतिहासाच्या लक्षात राहतो. विरोधकालाही जगता येईल अशा अटी मान्य करून ते स्वप्न कागदावर टिकवणारा बहुधा विसरला जातो. #इतिहास