काढून ठेवलेला रिसीव्हर

पहाटे पाचच्या सुमाराला फोन वाजतो. 26 जून 1975, नवी दिल्ली. तुम्ही अजून कोणीच नाही आहात. तुम्हाला नाव नाही, सावली नाही, त्यामुळे कुठल्याही बंगल्याच्या फाटकातून आत जाता येतं. उकाड्याने रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेले एक ज्येष्ठ केंद्रीय मंत्री चाचपडत चष्मा शोधतात आणि रिसीव्हर कानाला लावतात. पलीकडून निरोप येतो, सहा वाजता मंत्रिमंडळाची बैठक आहे, एक, अकबर रोडला. विषय कोणी सांगत नाही. तेही विचारत नाहीत.

त्यांच्या गाडीत मागे बसा. बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज रात्रीच तोडली आहे, आज दिल्लीतल्या बऱ्याच घरांच्या दारात वर्तमानपत्र पडणारच नाही. गांधी पीस फाउंडेशनमधून जयप्रकाश नारायणांना झोपेतून उठवून नेलं त्याला काही तास झाले. शेजारी बसलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नाही, आणि हा माणूस देशाच्या मंत्रिमंडळात आहे.

बैठकीत पंतप्रधान इंदिरा गांधी थोडक्यात सांगतात. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची सही रात्रीच झाली आहे. कलम 352, अंतर्गत आणीबाणी. रात्री ज्यांना बोलावून घेतलं होतं असे मोजके लोक सोडले, तर टेबलाभोवतीच्या मंत्र्यांना हे आत्ता, या खुर्चीत बसल्यावर कळतंय. त्यांना विचारायला बोलावलेलं नाही, सांगायला बोलावलेलं आहे. त्यांचे हात बघा. एकजण चष्मा पुसतो. एकजण समोरचा कोरा कागद सरळ करतो, पुन्हा सरळ करतो. संरक्षणमंत्री स्वर्णसिंग तेवढा एक प्रश्न विचारतात, कायद्याविषयीचा, हळू आवाजात. उत्तर मिळतं आणि विषय संपतो. वर्ष सरायच्या आत संरक्षण खातं त्यांच्या हातून जाऊन बन्सीलाल यांच्याकडे आलेलं असेल.

अर्ध्या तासात सगळे बाहेर पडतात. व्हरांड्यातल्या पायऱ्यांवर नेहमी दोन-दोन मिनिटं रेंगाळणारी ही माणसं आज थेट आपापल्या गाडीकडे चालू लागतात. कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नाही.

चौदा दिवस मागे या, म्हणजे या पायऱ्यांवरची शांतता कशाची आहे ते कळेल.

12 जून. अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीतली निवड रद्द ठरवली आहे. त्याच दिवशी गुजरातेत काँग्रेस हरल्याच्या बातम्या येताहेत. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये चला, कॉफीचे कप घेऊन खासदार तिघं-चौघं करून उभे आहेत. जरा जवळ जा. ‘बाईंनी आता काही दिवस तरी बाजूला व्हायला हवं.’ हे विरोधी पक्षाचे लोक बोलत नाहीत. ही सगळी काँग्रेसचीच माणसं आहेत. त्यांना पंतप्रधानांच्या भोवतीचं कोंडाळं सहन होत नाही, संजय गांधींच्या मर्जीवर बढत्या ठरतात हे सहन होत नाही, पक्षाध्यक्ष देवकांत बरुआ इंदिरा म्हणजेच भारत असं म्हणतात तेव्हा त्यांना मान खाली घालावीशी वाटते. पण तिसरा गट जवळ आला की पहिले दोन गट पावसाविषयी बोलू लागतात.

मग बोलायचं कोणी? नावं दोनच आहेत. एक बाबू जगजीवनराम, 1971 च्या युद्धातले संरक्षणमंत्री, दलितांचा देशभरातला आधार. दुसरे आपले यशवंतराव चव्हाण, हिमालयाच्या हाकेला धावलेला सह्याद्री. दोघांमागे खासदार आहेत. दोघं एकत्र आले असते तर चित्र बदललं असतं, असं मला आजही वाटतं. पण बाबूजींच्या माणसांना यशवंतराव पंतप्रधान झालेले चालणार नाहीत आणि यशवंतरावांच्या माणसांना बाबूजी. शेजारच्याच्या हातात खुर्ची जाण्यापेक्षा नको असलेल्या माणसाच्या हातात ती राहिलेली परवडली, हा हिशेब त्या दोन आठवड्यांत दिल्लीत घरोघरी मांडला गेला. भीती 25 जूनच्या रात्री आली, हे खरं. पण भीतीसाठी जागा आधीच झाडून ठेवलेली होती.

दोघांच्याही पाठीवर आधीचे वळ आहेत. यशवंतरावांना 1970 मध्ये गृहखात्यातून उचलून अर्थखात्यात बसवलं, 1974 मध्ये तिथूनही उचलून परराष्ट्र खात्यात. 1975 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात वसंतराव नाईक जाऊन शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, म्हणजे त्यांच्या घरच्या अंगणातलीही सूत्रं दिल्लीने आपल्या हाती घेतली. बाबूजींनी दहा वर्षं आयकराची विवरणपत्रं भरली नव्हती. ते प्रकरण गाजलं तेव्हा पंतप्रधानांनीच त्यांना सांभाळून घेतलं होतं. ज्याने झाकलं त्याला उघडताही येतं.

आता तुम्हाला देह मिळतो, नाव मिळतं आणि लोकसभेत एक बाक. तुम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातले काँग्रेसचे खासदार आहात. तालुक्यात तुमच्या पुढाकाराने उभा राहणारा सहकारी साखर कारखाना आहे, शेअर गोळा झालेत, जागा ठरली आहे, आणि परवान्याची फाइल दिल्लीतल्या एका कपाटात आहे. ती फाइल तुम्ही रात्री झोपताना आठवता, सकाळी उठल्यावर आठवता.

घरून ट्रंक कॉल येतो. ऑपरेटर जोडून देतो, पण लाइनवरून गेला की नाही ते समजत नाही.

‘अहो, तिकडं सगळं ठीक आहे ना?’

‘हो, हो. पाऊस कसा आहे?’

‘पाऊस आहे. इथं त्या संघवाल्या मास्तरांना नेलं पोलिसांनी. आणि समाजवादी वकिलांनाही.’

‘बियाणं मिळालं का सगळ्यांना?’

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येत नाही. बायको शहाणी आहे. ती बियाण्याचं सांगू लागते.

दिल्लीत सगळेच असं बोलायला शिकलेत. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी पुढे लिहून ठेवलं की आणीबाणीच्या सुरुवातीला ते जगजीवनरामांना भेटायला गेले तेव्हा बाबूजींनी आधी टेलिफोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि मगच ते दबक्या आवाजात बोलले. आपल्यालाही अटक होईल असं त्यांना वाटत होतं. देशाच्या कृषिमंत्र्याला स्वतःच्या दिवाणखान्यात स्वतःच्या फोनची भीती वाटत होती. ते तुम्हालाही कळतं, आणि त्या दिवसापासून तुमच्या साउथ ॲव्हेन्यूच्या फ्लॅटमध्ये कोणी आलं की तुमचा हात आधी फोनकडे जातो.

हेच जगजीवनराम 21 जुलैला लोकसभेत उभे राहतात आणि आणीबाणीला मंजुरी देणारा ठराव मांडतात. तुम्ही चौथ्या-पाचव्या रांगेतून त्यांची पाठ बघता. चंद्रशेखर तुमच्याच पक्षाच्या कार्यकारिणीचे सदस्य, रामधन तुमच्याच संसदीय पक्षाचे सचिव. दोघे तुरुंगात आहेत. पुण्याचे मोहन धारिया, ज्यांना जयप्रकाशांशी बोलणी करा असं म्हणाल्याबद्दल मार्चमध्ये मंत्रिपदावरून काढलं, ते सभागृहात उठतात आणि आणीबाणीविरुद्ध स्वच्छ बोलतात. मराठी वळणाची इंग्रजी, सदरा-पायजमा, हातात मोजकेच कागद. ते बोलत असताना तुमच्या बाजूचा खासदार अजेंड्याची पानं चाळतो. त्याचं ऐकणं चालू आहे, तुम्हाला ते त्याच्या मानेवरून कळतं.

मतविभागणीची घंटा होते. आणि इथे एक गोष्ट तुमच्यापाशी आहे जी या सभागृहात दुसऱ्या कोणापाशी नाही. तुम्हाला पुढचं माहीत आहे. हे 21 महिने चालेल. मग निवडणूक होईल, काँग्रेस 154 जागांवर येईल, महाराष्ट्रात 48 पैकी 20 वर, आणि या बाई स्वतः रायबरेलीत हरतील. हा डोलारा पडणारा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. समोर मतदानाची बटणं आहेत. तुम्हाला कारखान्याची फाइल आठवते. मास्तरांना कुठल्या गाडीतून नेलं ते बायकोने सांगितलं नाही, पण तुम्हाला दिसतं. तुम्ही शेजाऱ्याकडे बघता, तो तुमच्याकडे बघतो, आणि दोघांची बोटं एकाच बटणावर जातात.

336 विरुद्ध 59.

त्यानंतर सगळं सोपं होत जातं, आणि हे सोपं होणंच मला सर्वांत भयंकर वाटतं. ऑगस्टमध्ये घटनेची 39 वी दुरुस्ती येते. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढायची. 7 ऑगस्टला लोकसभा, 8 ला राज्यसभा, 9 ला राज्यांच्या विधानसभा, 10 ला राष्ट्रपतींची सही. चार दिवस. या वेळी तुम्ही शेजाऱ्याकडे बघतही नाही. 1976 च्या मार्चमध्ये होणारी निवडणूक पुढे ढकलली जाते. लोकसभेची मुदत एका वर्षाने वाढते, नोव्हेंबरात आणखी एका वर्षाने. म्हणजे गप्प राहिलेल्या प्रत्येकाला मतदारांपुढे न जाता आणखी काळ बाक मिळाला. धमकीइतकाच हा मोबदलाही कामाला आला.

डिसेंबर 1975. सुट्टीत तुम्ही कराडला येता. कृष्णा-कोयनेच्या संगमाचं गाव, यशवंतरावांचं गाव, आणि इथे 51 वं मराठी साहित्य संमेलन भरलं आहे. स्वागताध्यक्ष यशवंतराव. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. मंडप खचाखच भरला आहे, साध्या वेशातले पोलीसही आहेत, त्यांच्या बुटांवरून ते ओळखू येतात. तुरुंगातून सुटलेले जयप्रकाश मुंबईत जसलोक रुग्णालयात आहेत, मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आणि दुर्गाबाई, लहान चणीची, नऊवारीतली ही विदुषी, ज्यांच्या हातात ना खातं ना परवाना, त्या माइकसमोर जयप्रकाशांचं नाव घेतात. त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करू या म्हणतात.

मंडपात शांतता पसरते. तुम्ही गेले सहा महिने शांततेतच राहताय, पण ही वेगळी आहे. हिला कान आहेत, श्वास आहे. तुमच्या पुढच्या रांगेतली एक शाळामास्तरीण डोळे पुसते. ज्यांच्या मंत्रिमंडळाने जयप्रकाशांना आत टाकलं, ते यशवंतराव या मंडपाचे यजमान आहेत. पुढच्याच वर्षी दुर्गाबाईंना अटक होईल.

संमेलनाहून तुम्ही अण्णांकडे जाता. अण्णा तुमच्या वडिलांचे सोबती, बेचाळीसला भूमिगत होते, प्रतिसरकारच्या दिवसांत नऊ महिने उसाच्या फडातून वावरले. आता दिसत कमी. चहा येतो. ते तुमचा हात धरून बसतात.

‘काय रं, दिल्लीत तुम्ही समदे खूश हायसा म्हनं तिच्यावर?’

‘अण्णा, तसं नाही. आतून कुणीच खूश नाही.’

‘आतून,’ म्हातारा शब्द चघळतो. ‘यशवंतराव बी आमच्याबरं भूमिगत हुता. इंग्रजानं डोक्यावर इनाम लावलं हुतं. तवा न्हाई भ्याला गडी.’

तुमच्यापाशी उत्तर असतं, पण ते तुम्ही देत नाही. तेव्हा आपल्यापाशी काय होतं, अण्णा? फाटकं धोतर आणि एक सायकल. जगजीवनरामही तेव्हा तुरुंगात जाऊन आले होते. ज्या माणसांनी साम्राज्याचा तुरुंग भोगला त्यांना आपल्याच पक्षाच्या घरात तोंड उघडता येईना, याचा विचार केला की माझं काळीज तुटतं. ते भित्रे नव्हते. तीस वर्षांत त्यांच्याभोवती एकेक गोष्ट जमत गेली, बंगला, खातं, माणसं, माणसांची माणसं, कारखाने, बँका, आणि यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी पोटाची होती. मी एकटा असतो तर बोललो असतो, असं त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं.

1977 चा जानेवारी. 18 तारखेला पंतप्रधान अचानक निवडणूक जाहीर करतात. लोकसभा विसर्जित. तुम्ही गावी आहात. कारखान्याचा परवाना मिळाला आहे, भोंगा पुढच्या हंगामात वाजेल. दिल्लीत तिकिटांची यादी तयार होते आहे.

2 फेब्रुवारीला दुपारनंतर दिल्लीहून फोन येतो. बाबूजींनी राजीनामा दिला, पक्षाचा आणि मंत्रिपदाचाही. हेमवतीनंदन बहुगुणा बरोबर आहेत, नंदिनी सत्पथी आहेत. नवा पक्ष काढतायत. तुम्हाला माहीत आहे चार दिवसांनी काय होणार ते. रविवारी रामलीला मैदानावर सभा होईल, लोकांनी घरी राहावं म्हणून दूरदर्शन ‘बॉबी’ लावेल, आणि तरीही मैदान भरेल. एका ज्येष्ठ माणसाने तोंड उघडलं आणि हवा फिरली. हेच तोंड 26 जूनच्या सकाळी त्या टेबलाशी होतं.

संध्याकाळी अण्णा काठी टेकत येतात, ओट्यावर बसतात, काही बोलत नाहीत. तुमची बायको कंदील लावून आत येते. वीज गेली आहे. मास्तर अजून सुटून यायचे आहेत. त्यांच्या मुलीच्या फीचे पैसे तिने गेल्या वर्षी दोनदा गुपचूप भरले, तुम्हाला न सांगता. आज ती तुमच्यासमोर बसते.

‘अहो, आता तरी खरं सांगा. तुमच्या मनात काय आहे?’

घरात दुसरं कोणी नाही. खिडकीबाहेर गोठ्यात म्हैस हलते आहे. तुम्ही तोंड उघडता, आणि त्याआधी तुमचा हात आपसूक टेबलाकडे जातो, रिसीव्हर उचलतो आणि बाजूला काढून ठेवतो.

ती त्या रिसीव्हरकडे बघत राहते.