आगंतुक गुणांची कुळकथा

आज ‘आगंतुक’ म्हटले की न बोलावता दारात येऊन उभा राहिलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. समर्थ रामदासांनी हा शब्द गुणांना लावला. त्यांच्या दासबोध ग्रंथाच्या चौदाव्या दशकातला सहावा समास चातुर्यलक्षणाचा. रूपलावण्य अभ्यासाने मिळत नाही, काळा माणूस गोरा होत नाही, मुक्याला वाचा फुटत नाही, आंधळा डोळस होत नाही, हे सहजगुण. मूर्खपण मात्र टाकता येते, शहाणपण शिकता येते, कारभार करता करता उमजतो. हे समर्थांच्या भाषेत ‘अगांतुक’, म्हणजे आगंतुक गुण, आणि माणसाने धरायचे ते हेच. गंमत अशी की, चारचौघांना दिसणारे रूप इथे उपजत ठरते आणि न दिसणारे शहाणपण बाहेरचे. समर्थ गुण कुठे दिसतो ते पाहत नाहीत, तो कुठून आला ते पाहतात.

शब्दाचे मूळ ‘आ’ आणि ‘गम्’, म्हणजे येऊन पोचणारा. पाहुणा हा अर्थही जुनाच. पाली विनयग्रंथांत परगावाहून विहारात आलेला भिक्खू ‘आगन्तुक’च. सुश्रुताने व्रणांचे दोन प्रकार केले: शरीरातल्या दोषांनी होणारा तो शारीर आणि शस्त्रासारख्या बाहेरच्या घावाने होणारा तो आगंतु. बौद्ध वचनांत मूळच्या तेजस्वी चित्ताला मळवणारे क्लेशही आगंतुक. एकीकडे घाव, दुसरीकडे मळ. बाहेरून येते ते बहुधा नकोसेच. समर्थांनी त्याच शब्दाला मान दिला, हे मला मोठे वाटते.

यावर कोणी म्हणेल, त्याच समासात वस्त्राने शरीर सजते आणि चातुर्याने अंतर, असेही आहे. मग चातुर्य बाहेरचे कसे? ते वसते आत, पण येते बाहेरून, एवढाच त्याचा उलगडा. एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात तर डोळ्यांना दिसणारा आगंतुक गुणच सापडतो: हस्ताक्षर. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे हवे, शाई काळी कुळकुळीत, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या. अक्षर घोटून सुधारते, चेहरा नाही. मोतीबिंदू काढून दृष्टी परत देणाऱ्या आजच्या काळात सहजगुणांची यादी आखडली, हे खरे; पण त्यामुळे यादीतली नावे बदलतात, वाटणीचा निकष नाही. आजच्या मराठीने ही वाटणी ‘उपजत’ आणि ‘कमावलेले’ या शब्दांकडे सोपवली आणि ‘आगंतुक’ला पाहुण्यापुरते ठेवले, तेही नकोशा.